कर्ली खायला वेळ लागतो: शिरगाव रस्त्यावरची एक खानावळ

या खानावळीला पाटी नाही. रत्नागिरीतून शिरगावकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक जुनं चिऱ्याचं घर लागतं, आणि दुपारी त्याच्या अंगणात दहा-बारा दुचाक्या जमेल तशा उभ्या असतात, तीच खूण. सगळे ‘काकींकडे’ म्हणतात, मीही तेच म्हणते. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षं शिकताना मी इथे जेवले आणि नोकरी लागल्यापासून गेलं दीड वर्ष इथेच महिन्याचं खातं आहे. साडेपाच वर्षं एका घरचं मीठ खाल्लंय, त्या भरवशावर लिहितेय.

आधी जेवण. थाळीत दोन तांदळाच्या भाकऱ्या किंवा तीन चपात्या, भात, माशाचं कालवण, एक तळलेला तुकडा, सुकी भाजी आणि सोलकढी. बांगड्याची थाळी १५० रुपये, सुरमई किंवा पापलेट असेल त्या दिवशी २८०, शाकाहारी ९०. महिन्याचं दोन्ही वेळचं ३,६००, त्यात बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासे. सोमवारी घरात मासा येत नाही. त्या दिवशी कुळथाची पिठी असते आणि तिच्यासाठी मी सोमवारची वाट बघते, इतकी ती चांगली असते. भात जाडा. लांब शिताचा पांढराशुभ्र भात लागत असेल त्यांनी दुसरीकडे जावं. शिरगावलाच भाताचं संशोधन केंद्र आहे, ‘रत्नागिरी’ नावाच्या भाताच्या जाती तिथल्याच, आणि काकींच्या माहेरी त्यातलाच एक भात लावतात. कालवण ओतलं की तो ते पिऊन घेतो, ताटभर पसरू देत नाही.

बांगड्याचं कालवण हे या घराचं खरं नाव. ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे आणि हळद यांचं वाटण. पाटा आता कोपऱ्यात उभा करून ठेवलाय, मिक्सरच चालतो, आणि काकी ते लपवत नाहीत. पण वाटताना पाणी चमच्या-चमच्यानं घालतात, म्हणून वाटण गंधासारखं उतरतं. रश्श्याला उकळी आली की आमसुलं, मग ठेचलेली चार-पाच तिरफळं, आणि सगळ्यात शेवटी बांगडे. बांगडे पडल्यावर टोपात डाव घालायचा नाही. काकी फडक्यानं टोपाचे दोन्ही काठ धरतात आणि अख्खा टोप दोनदा गोल फिरवतात, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मासा मोडत नाही. मी घरी हे करून बघितलं, हात भाजला, आणि बांगडेही मोडले.

मासा ताजा आहे का, हे सांगणं आता माझं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एमआयडीसीतल्या एका मासे प्रक्रिया कारखान्यात मी क्वालिटीला आहे. सकाळी गाडीतून क्रेट उतरले की कल्ले उघडून रंग बघायचा, डोळा फुगीर आहे की खोल गेलाय ते बघायचं, बोटानं दाबून मांस परत वर येतंय का बघायचं, काटा खुपसून आतलं तापमान घ्यायचं आणि सगळं तक्त्यात भरायचं. बांगडा बर्फाशिवाय राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही उकळलं, कितीही तळलं तरी जात नाही. अंगावर पित्त उठतं, तोंड लालबुंद होतं, आणि लोक म्हणतात मला बांगडा बाधतो. बांगडा बाधत नाही, उन्हात ठेवलेला बांगडा बाधतो. काकींचे दीर पहाटे मिरकरवाड्याला लिलावाला जातात आणि मासे थर्माकोलच्या पेटीत, वर-खाली बर्फ घालून आणतात. मी न सांगता मागच्या मोरीत तीन-चारदा डोकावलेय. प्रत्येक वेळी बर्फ होता आणि कल्ले लाल होते. रत्नागिरीतल्या किती ठिकाणांबद्दल मी एवढं ठामपणे सांगू शकेन, ते इथे लिहीत नाही.

आता बसायची जागा. हा भाग लांबेल, पण माझ्या मते याच घरात जेवायचं ते त्यासाठीच.

घराला बसायच्या दोन जागा आहेत. पुढची खोली, म्हणजे पूर्वीची ओटी: तिथे चार टेबलं, भिंतीवर टीव्ही, डोक्यावर पंखा, बँकेतले, पंचायत समितीतले, एमआयडीसीतले लोक. आणि मागची पडवी: दोन लांब बाकं, खाली शेणानं सारवलेली जमीन, समोर विहीर आणि फणस. पावसात पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधतात आणि तरीही बाहेरच्या बाकाच्या टोकाला बसलेल्याची पाठ भिजते. पडवी पोरांची. असं कुणी लिहून लावलेलं नाही, पण साडेपाच वर्षांत मी पडवीत पँटमध्ये शर्ट खोचलेला माणूस बसलेला बघितला नाही.

भाताचे टोपही दोन. पहिला टोप एक वाजता उतरतो, तो पुढच्या खोलीचा, कारण त्या लोकांना परत जायचं असतं. दुसरा टोप पावणेदोनला चढतो, तो पडवीचा. म्हणजे पडवीत बसलं की थांबणं आलंच. आम्ही चौघीजणी आणि आमच्या वर्गातली तीन-चार मुलं एक-दीडला प्रॅक्टिकल सुटलं की यायचो आणि अडीचपर्यंत नुसते बसून असायचो. पोटात कावळे ओरडत असायचे आणि कुणाला घाई नसायची. कुणी जर्नल पूर्ण करायचं, माशाच्या आकृतीला पंख काढायचं, दुसरी त्यातले काटे मोजून चूक काढायची. बदाम सात खेळायचो. काहीच सुचलं नाही तर विहिरीत खडे टाकायचो आणि काकी आतून ओरडायच्या. त्या दीड तासात आम्ही काय बोललो, यातलं आज मला एक वाक्य आठवत नाही. आम्ही बसलो होतो एवढंच आठवतं, अंगाला जाणवेल इतकं स्पष्ट.

आणि कर्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कर्ली हा चांदीच्या पट्टीसारखा लांब, चपटा मासा, चवीला फार गोड आणि आत काटेच काटे. बारीक, दुहेरी, केसांसारखे. कर्ली घाईनं खाता येत नाही. बोटांनी मांस दाबून काटा शोधायचा, काढायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा, मग तो एवढासा घास. गिऱ्हाईक कमी म्हणून ती स्वस्तात मिळायची आणि म्हणून काकी ती पोरांच्या थाळीत द्यायच्या. एका कर्लीच्या तुकडीला आम्हाला पाऊण तास लागायचा. ताटाच्या कडेला काट्यांचं कुंपण व्हायचं, आणि ज्याचं कुंपण सगळ्यात लांब तो त्या दिवशीचा विजेता.

ढोमा असेल त्या दिवशी वेगळाच उद्योग. ढोम्याच्या डोक्यात कानाजवळ पांढरा खडा असतो, दाताएवढा. त्यावरच्या वलयांवरून माशाचं वय काढतात, हे दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. आपल्याकडच्या गरम पाण्यातल्या माशांत ती वलयं थंड समुद्रातल्या माशांइतकी स्पष्ट दिसत नाहीत, हेही शिकवलं होतं, तरी आम्ही प्रत्येक डोकं फोडून खडा काढायचो, धुवायचो आणि उजेडाकडे धरून ‘दोन वर्षांचा’, ‘तीन वर्षांचा’ असं ठरवून टाकायचो. ते खडे एका काड्यापेटीत साठवले होते. पडवीच्या खिडकीच्या चौकटीवर ती पेटी असायची.

एकदा तिसऱ्या वर्षाला झाडगावच्या मत्स्यालयात भेट होती. देवमाशाचा सांगाडा बघून तासाभरात सगळे मोकळे झालो, आणि उरलेला दिवस हातात होता. दोन दुचाक्यांवर साखरतर, काळबादेवी करत आरे-वारेला गेलो. कुणी घरी विचारलं नाही, कुणाला सांगावं असं आमच्याही मनात आलं नाही. वाऱ्याच्या घाटीवर थांबून खालचा समुद्र बघत बसलो, वाळूत उतरलो, भूक लागली तेव्हा चार वाजले होते. काकींकडे पोचलो तर चूल विझलेली. काकी काही बोलल्या नाहीत. पदर खोचला, कढईत तेल टाकलं, लसूण ठेचली आणि वीस मिनिटांत सुक्या जवळ्याचं कालवण आणि उरलेला भात समोर ठेवला. पैसे वहीत लिहिले, प्रत्येकी तीस रुपये. असं जेवण मी पुन्हा जेवलेली नाही.

चौघींपैकी एक आता वेरावळला आहे, माझ्यासारखंच काम, माल आमच्या दसपट. एक पुण्यात स्पर्धा परीक्षेला बसलीय. एक पुढच्या शिक्षणासाठी कोचीला. रत्नागिरीत मी एकटी राहिले, आणि खानावळ तीच राहिली.

नोकरीच्या पहिल्या दिवशी दुपारी एक वाजून चौदा मिनिटांनी मी अंगणात स्कूटी लावली आणि पायांना सवय होती म्हणून बाजूनं पडवीकडे वळले. काकींनी ओटीवरून हाक मारली.

“काय गो, तिकडं कुठं? हितं बस. तुला टायमात परत जायचंय ना?”

पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर ताट वाढून ठेवलेलं होतं. आदल्या दिवशी मी त्यांना पेढे देताना वेळ सांगितली होती, त्यांनी ती लक्षात ठेवली. वर झाकण, शेजारी पाण्याचा तांब्या. त्यांनी ते किती मायेनं केलं होतं हे मला कळत होतं आणि तरी पहिला घास घशाखाली उतरायला वेळ लागला. पडवीतून हसण्याचा आवाज येत होता. दुसरा टोप अजून चढायचा होता.

माझ्या दुपारचा हिशोब असा: एकला घंटा. एप्रन, टोपी, गमबूट काढायचे, हात धुवायचे, आठ मिनिटं गेली. स्कूटीवर सहा. काम पावणेदोनला परत सुरू, त्याआधी पुन्हा सगळा जामानिमा चढवायचा. जेवायला वीस मिनिटं उरतात. काकींनी वाढून ठेवलेलं असतं म्हणून ती वीस तरी मिळतात. १९४८च्या कारखाने कायद्यात सलग पाच तासांच्या वर काम घेण्याआधी किमान अर्धा तास सुट्टी द्यावी असा नियम होता, आम्हाला पाऊण तास मिळतो, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. इतकंच की वीस मिनिटांत बांगडा खाता येतो, सुरमई खाता येते, कर्ली खाता येत नाही. दीड वर्षात काकींनी मला कामाच्या दिवशी एकदाही कर्ली वाढली नाही. मी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनी ठरवलं.

दुसरी एक गोष्ट, फक्त माझ्यासारख्यांना लागू पडेल अशी. दिवसभर क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवल्यानं बोटांना तो वास राहतो. साबण लावा, लिंबू चोळा, राहतोच. हातानं भात कालवून तोंडाशी नेला की आधी क्लोरीन, मग तिरफळ. पहिले दोन महिने मी चमच्यानं जेवले. मग एक दिवस काकींनी वाटीत आमसुलाचं आगळ दिलं आणि म्हणाल्या, “बोटं बुडव त्यात, आणि मग जेव.” बोटं लाल झाली, वास बराच कमी झाला. आता ती वाटी माझ्या ताटाशेजारी रोज असते. अशी सेवा मी दुसऱ्या कुठल्या हॉटेलात बघितलेली नाही.

उणिवाही लिहायला हव्यात, आणि त्या आहेत.

सगळ्यात मोठी, खाड्याची. महिन्याच्या खात्यात एखादी वेळ जेवायला आला नाहीत तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवलं तरच पैसे वजा होतात. सरकारी नोकरीतल्या माणसाला हे सहज जमतं. आमच्याकडे होड्या किती आल्या आणि माल किती आला यावर दिवस ठरतो. माल आला की घड्याळ नाही, तो प्लेट फ्रीझरमध्ये जाईपर्यंत थांबायचं. गेल्या ऑक्टोबरात बांगडा जोरात होता, माझे अकरा खाडे झाले आणि त्यातले सात अंगावर आले. मी काकींशी यावर बोलले. त्यांचं म्हणणं, भात रांधून झाल्यावर मी तो काय करू. बरोबर आहे त्यांचं. माझंही बरोबर आहे. यावर अजून तोडगा निघालेला नाही, तेव्हा पाळीचं काम असणाऱ्यांनी महिन्याचं खातं न घेता रोजच्या रोज पैसे द्यावेत, तेच परवडतं.

सोलकढी दोन वाजेपर्यंत दाट असते, त्यानंतर तिच्यात पाणी पडतं. पडवीतल्या पोरांना चार वर्षं हीच पातळ सोलकढी मिळते आणि ती तशीच असते असं त्यांना वाटतं. पुढच्या खोलीत मी पहिल्यांदा पहिल्या टोपाबरोबरची सोलकढी प्यायले तेव्हा मला कळलं. हा फरक काकींनी करू नये असं मला मनापासून वाटतं. पोरं ९० आणि १५० तेच देतात.

टीव्ही. पुढच्या खोलीत बातम्या मोठ्यानं लावलेल्या असतात. आवाज कमी करायला सांगितलं की दोन मिनिटं कमी होतो. हात धुवायला एकच बेसिन, एक ते सव्वाएक रांग. रात्रीचा डबा घेणार असाल तर भात गरम असताना दाबून भरतात, उघडेपर्यंत त्याचा गोळा होतो. भाकरी सांगा. गणपतीत दहा दिवस आणि शिमग्यात पाच दिवस बंद, पण ते कोकणात कुणाला सांगायला लागत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा थाळीत ताजा समुद्राचा मासा क्वचितच. पण ज्यांना वाटतं की पावसाळ्यात इथे यायचं काय, त्यांना मी म्हणेन की तेव्हाच या. वांगं घातलेले सोडे, सुक्या बोंबलाची चटणी, खाडीतले मुळे (शिंपले) मिळाले तर मुळ्यांचं सुकं, टाकळ्याची आणि भारंगीची भाजी, फणसाच्या आठळ्या घातलेली उसळ. या दोन महिन्यांत काकींचा हात मोकळा सुटतो, कारण माशावर भिस्त नसते.

हेच दोन महिने मला सगळ्यात जड जातात. कॉलेजात असताना जून आला की हॉस्टेल रिकामं व्हायचं, मी वेळणेश्वरला घरी जायचे, आणि बंदी म्हणजे सुट्टी हे डोक्यात पक्कं बसलं होतं. नोकरीत वाटलं होतं, माल नाही तर काम नाही. पण बंदीतच कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती निघते, शीतगृहातल्या मालाची मोजदाद निघते, वर्षभराच्या नोंदी तपासायला निघतात. उणे अठरा अंशांच्या खोलीत जाडं जाकीट घालून खोके मोजायचे आणि बाहेर आलं की मुसळधार पाऊस. गेल्या जुलैत एका दुपारी अशीच जेवायला आले, केसांतून पाणी निथळत होतं, आणि पडवीत झापांच्या आड पोरं बदाम सात खेळत होती. मी ओटीच्या दारात उभी राहून एक डाव बघितला. एकानं वर बघून विचारलं, “मॅडम, कुणी हवंय का?”

मी चोवीस वर्षांची आहे.

त्या दिवशी मी नीट जेवले नाही आणि काकींच्या ते लक्षात आलं. नोकरी सोडावी असं मला वाटत नाही, हे इथे साफ लिहिते. पगारातले पाच हजार घरी जातात, त्यातून गेल्या मे महिन्यात मागच्या बाजूची कौलं बदलली, आणि बाबांनी ती मला फोनवर एकेक करून मोजून सांगितली. काम मला आवडतं. क्रेटमधला एक मासा उचलून ‘हा नको’ म्हणायचं आणि तो माल माझ्या शब्दावर मागे जायचा, याचा मला अभिमान आहे. पण कुणी सांगितलं नव्हतं की दुपार संपेल. दुपार नावाची एक वेळ असते, जिच्यात काहीच करायचं नसतं, ती आपल्याकडे कायमची आहे असं मी धरून चालले होते. पगार मिळेल, थकायला होईल, घरची आठवण येईल, हे सगळं लोक सांगतात. हे नाही सांगत.

पहिला पगार झाला त्या संध्याकाळी काकींची उधारी फेडायला गेले होते. पोरांच्या उधारीची वही वेगळी, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्यानं खिळ्याला टांगलेली. त्यात माझं नाव नाही, ‘वेळणेश्वर’ एवढंच. ६४० रुपये निघत होते. काकींनी चष्मा लावला, प्रत्येक ओळ बोटानं वाचली, ‘जवळा ३०’ सुद्धा तिथे होतं, ते पूर्वीच फिटलेलं, आणि मग शेवटच्या पानावर आडवी रेघ मारली. त्यानंतर कपाटातून लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली, नवं पान उघडलं आणि माझं नाव, आडनाव आणि कंपनी असं तिन्ही लिहिलं. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं. रेघ मारलेलं पान मला द्याल का, असं मी विचारणार होते, पण त्याच पानामागे दुसऱ्या कुणाची उधारी चालू होती.

आता माझी आठवड्याची सुट्टी बुधवारी असते. बुधवार माशाचा वार, त्यामुळे सोयीचं. पहिले कितीतरी बुधवार मी झोपून, कपडे धुऊन, आणि रूमवर डबा मागवून घालवले. जुलैतल्या त्या दुपारनंतर ठरवलं की सुट्टीच्या दिवशी काकींकडे उशिरा जायचं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, आणि पुढच्या बुधवारी मी मुद्दाम पावणेदोनला गेले. पुढची खोली रिकामी होत आली होती. काकींनी सवयीनं माझ्या टेबलाकडे हात केला.

“नको,” मी म्हटलं. “मागे बसते आज.”

“मागं टाइम लागेल गो. भात आता चढवलाय.”

“लागू दे.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग आत वळता वळता म्हणाल्या, “कर्ली आहे. पोरांसाठी घेतलीय. खाशील ना?”

पडवीत दुसऱ्या वर्षाची सहा-सात मुलं-मुली होती. एका मुलीनं बॅग उचलून मला बाकावर जागा करून दिली. मी कुठल्या बॅचची, ते त्यांनी विचारलं, आणि मग ‘मॅडम’चं ‘ताई’ झालं. लवकर आलेल्या दोघांना दुपारच्या उरलेल्या ढोम्याचं कालवण मिळालं होतं आणि त्यातला एक चमच्याच्या दांड्यानं डोकं फोडत होता. खडा हवा होता त्याला, पण वरून ठोकत होता, म्हणजे खड्याचा चुरा होणार. मी त्याचं ताट माझ्याकडे ओढलं. कल्ल्याचं झाकण उचललं, खालच्या बाजूनं अंगठ्यानं दाबलं, कवटीचं पातळ हाड सुटलं आणि खडा बोटावर आला. धुऊन त्याच्या तळहातावर ठेवला. तो उजेडाकडे धरून म्हणाला, “तीन वर्षांचा.”

“दोन,” शेजारची म्हणाली.

यावर त्यांचं चांगलंच वाजलं. खिडकीच्या चौकटीवर काड्यापेटी नव्हती, पण औषधाच्या गोळ्यांची एक प्लॅस्टिकची डबी होती, आणि तिच्यात पाच-सहा खडे होते. ते आमचे की त्यांचे, मी विचारलं नाही.

विहिरीवर ऊन उतरलं होतं. फणसाखाली कोंबडी माती उकरत होती. भाताला पावणेतीन झाले. काकींनी स्वतः ताट आणलं, कर्लीची मधली तुकडी, शेजारी आगळाची वाटी नव्हती कारण त्या दिवशी माझ्या हातांना कसलाच वास नव्हता. सोलकढी पातळ होती. मी पहिला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, मग दुसरा.

पावणेचारला उठले.